मायक्रोकंट्रोलर कंपायलरमधील विस्तारित स्मृती-पत्तांकन

विस्तारित स्मृती-पत्तांकन म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या मूळ पत्त्याच्या रुंदीत न मावणाऱ्या स्मृतीपर्यंत प्रोग्रॅमला पोहोचता यावे, यासाठी प्रोसेसर, कंपायलर आणि लिंकर यांत मिळून केलेली व्यवस्था. सोळा बिटांच्या पत्त्याने ६५,५३६ बाइट, म्हणजे ६४ केबी एवढीच स्मृती ओळखता येते. स्मृती स्वस्त झाली आणि प्रोग्रॅम मोठे झाले, तेव्हा चिप बनवणाऱ्यांनी जुन्या रचनेवर वाढीव पत्त्यांची सोय बसवली. सी भाषेत लिहिणाऱ्याला ती सोय वापरता येण्यासाठी मात्र कंपायलरमध्ये बराच बदल करावा लागतो. हा लेख त्या बदलाविषयी आहे. जीसीसी या मुक्त कंपायलरमध्ये पुण्यातील केपीआयटी कमिन्स या कंपनीने जोडलेला सीआर१६ प्रोसेसरचा आधार हे त्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

प्रश्नाचे स्वरूप

एका कल्पित उदाहरणाने प्रश्न स्पष्ट होईल. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या काठी पाण्याची पातळी, तापमान आणि क्षारता नोंदवणारे एक लहान यंत्र बसवले आहे, असे समजू. दर दहा मिनिटांनी एक नोंद होते आणि प्रत्येक नोंद आठ बाइटांची असते. दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे १,१५२ बाइट होतात. वर्षभरासाठी ४,२०,४८० बाइट लागतील, म्हणून यंत्रात ५१२ केबीची बाह्य स्मृती दिली आहे. तिच्यासाठी एकोणीस पत्तारेषा हव्यात. प्रोसेसरकडे सोळा आहेत; उरलेल्या तीन एका वेगळ्या पृष्ठ-रजिस्टरातून पुरवल्या जातात.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने नोंदींसाठी साधा पॉइंटर वापरला आणि कंपायलरला पृष्ठ-रजिस्टर ठाऊकच नसले, तर काय होईल? ६४ केबीमध्ये बरोबर ८,१९२ नोंदी बसतात. १ जूनच्या मध्यरात्री पहिली नोंद झाली असेल, तर २७ जुलैला रात्री नऊ वाजून दहा मिनिटांची नोंद ६४ केबीतील शेवटच्या आठ बाइटांत जाईल. नऊ वाजून वीस मिनिटांनी पॉइंटर पुन्हा शून्यावर येईल आणि १ जूनची पहिली नोंद पुसली जाईल. कोणताही इशारा मिळणार नाही. यंत्र चालूच राहील. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण खाऱ्या पाण्यातील हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. अशा घटनेच्या आधीचे आकडेच नेमके हरवावेत, ही या चुकीची खरी किंमत. चाचणीच्या मेजावर दोन दिवस चालवलेल्या यंत्रात ती दिसणारही नाही, कारण ती सत्तावन्नाव्या दिवशी घडते.

हा प्रश्न प्रोग्रॅमरने स्वतः सोडवावा, असेही म्हणता येते. प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी पृष्ठ-रजिस्टर हाताने बदलावे, पत्त्याचे दोन भाग करावेत आणि पानाची सीमा ओलांडली जात नाही ना, हे पाहावे. छोट्या प्रकल्पांत असे केले जाते. पण मग पॉइंटरची बेरीज, ॲरेचा निर्देशांक, स्ट्रक्चर या सी भाषेच्या सर्व सोयी त्या स्मृतीपुरत्या निरुपयोगी ठरतात. म्हणून हे काम कंपायलरकडे सोपवणे श्रेयस्कर मानले जाते.

प्रोसेसरांनी काढलेले मार्ग

इंटेलने १९८० मध्ये आणलेल्या ८०५१ मध्ये प्रोग्रॅमसाठी ६४ केबी आणि बाह्य विदेसाठी आणखी ६४ केबी, असे दोन वेगळे प्रदेश आहेत. मूळ चिपमधील अंतर्गत स्मृती अवघी १२८ बाइटांची होती. प्रोग्रॅम ६४ केबीहून मोठा झाला की चिपचे एक-दोन पोर्ट वाढीव पत्तारेषा म्हणून वापरून स्मृतीचे अनेक थर, म्हणजे बँक, आळीपाळीने समोर आणण्याची पद्धत रूढ झाली. बँक बदलणारा कोड स्वतः बदलत्या बँकेत ठेवता येत नाही. तो ठेवला, तर बँक बदलताच पायाखालची आज्ञाच नाहीशी होते. त्यामुळे सर्व बँकांना समान असा एक कायम भाग राखावा लागतो. एका बँकेतील फंक्शनने दुसऱ्या बँकेतील फंक्शन बोलावले की ती हाक या कायम भागातील छोट्या कोडमधून जाते. त्या कोडला ट्रॅम्पोलिन म्हणतात.

एव्हीआर कुटुंबाची रीत निराळी आहे. तेथे प्रोग्रॅमचा पत्ता बाइटांत नसून दोन बाइटांच्या शब्दांत मोजला जातो. त्यामुळे सोळा बिटांत १२८ केबी कोड मावतो. अर्डुइनो मेगा फलकावरील एटीमेगा २५६० या चिपमध्ये २५६ केबी फ्लॅश स्मृती आहे. तिच्यासाठी प्रोग्रॅम काउंटर सतरा बिटांचा लागतो आणि प्रत्येक फंक्शन-हाकेला स्टॅकवर दोनऐवजी तीन बाइटांचा परतीचा पत्ता ठेवावा लागतो. फ्लॅशमधील विदा वाचण्यासाठी रॅम्पझेड हे आणि अप्रत्यक्ष उडीसाठी ईआयएनडी हे जोड-रजिस्टर दिले आहे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एमएसपी४३०एक्समध्ये रजिस्टरेच वीस बिटांची केली आहेत आणि १ एमबी स्मृती सरळ दिसते. हिताचीच्या एच८ मालिकेत मूळ एच८/३०० ला ६४ केबीची मर्यादा होती. लेगो कंपनीच्या आरसीएक्स या खेळण्यातील यंत्रमानवाच्या मेंदूत हीच जात होती. पुढील एच८/३००एच मध्ये रजिस्टरे बत्तीस बिटांची झाली आणि पत्ते चोवीस बिटांचे, म्हणजे १६ एमबीपर्यंत गेले. जुन्या पद्धतीने चालण्यासाठी 'नॉर्मल' आणि नव्या पद्धतीसाठी 'ॲडव्हान्स्ड' अशा दोन अवस्था त्यात ठेवल्या गेल्या. कंपायलरच्या दृष्टीने या दोन अवस्था जवळजवळ दोन वेगळे प्रोसेसर आहेत, कारण एकात पॉइंटर दोन बाइटांचा आहे आणि दुसऱ्यात चार.

भाषेच्या पातळीवरील तोडगे

सर्वांत सोपा तोडगा म्हणजे स्मृती-प्रतिमान, अर्थात मेमरी मॉडेल. संपूर्ण प्रोग्रॅम कंपाइल करतानाच पर्याय देऊन पॉइंटर लहान असावेत की मोठे, हे ठरवायचे. टर्बो सी वापरून शिकलेल्या पिढीला 'स्मॉल', 'लार्ज', 'ह्यूज' हे शब्द परिचित असतील. ते इंटेल ८०८६ च्या खंडित पत्त्यांसाठी होते. ८०५१ सारख्या चिपसाठी लिहिलेल्या एसडीसीसी या मुक्त कंपायलरमध्येही स्मॉल, मीडियम, लार्ज आणि ह्यूज अशी प्रतिमाने आहेत आणि ह्यूजमध्ये फंक्शने बँकांत विभागलेली असतात. प्रतिमानाचा दोष उघड आहे: एका मोठ्या तक्त्यासाठी सगळ्या प्रोग्रॅमला मोठ्या पॉइंटरचा भार सोसावा लागतो.

दुसरा तोडगा म्हणजे प्रत्येक चलाला किंवा पॉइंटरला तो कोणत्या स्मृतीत आहे, याची खूण जोडणे. एम्बेडेड सी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयएसओच्या १८०३७ क्रमांकाच्या तांत्रिक अहवालात अशा नामित पत्ता-अवकाशांचे नियम दिले आहेत. दोन पत्ता-अवकाश एकतर पूर्णपणे वेगळे असावेत किंवा एक दुसऱ्याच्या पोटात असावा. अर्धवट एकमेकांवर आलेले चालत नाहीत. आतल्या अवकाशातील पॉइंटर बाहेरच्यात रूपांतरित करणे नेहमी सुरक्षित असते, उलट दिशेने नसते. फंक्शनच्या आतील साधे स्थानिक चल स्टॅकवर राहत असल्याने त्याला ही खूण लावता येत नाही.

जीसीसीमध्ये या नियमांवर आधारलेल्या खुणा अनेक प्रोसेसरांसाठी आहेत. एव्हीआरसाठी 'फ्लॅश' आणि त्याचे क्रमांकित प्रकार, तसेच 'मेमएक्स' या खुणा आहेत. मेमएक्स पॉइंटर चोवीस बिटांचा असतो. त्याचे सर्वांत वरचे बिट एक असेल, तर खालच्या दोन बाइटांच्या पत्त्यावरून रॅममधून वाचले जाते. शून्य असेल, तर वरचा बाइट रॅम्पझेडमध्ये भरून फ्लॅशमधून वाचले जाते. म्हणजे कोणत्या स्मृतीत पाहायचे, हे प्रत्येक वाचनाच्या वेळी तपासले जाते. सोय मोठी, पण वेग कमी. रेनेसासच्या आर८सी आणि एम१६सी जातींसाठी 'फार' ही खूण आहे. ती लावलेली चले बत्तीस बिटांच्या पत्त्याने वाचली जातात आणि पहिल्या ६४ केबीपलीकडे असू शकतात. आरएल७८ मध्येही ती आहे. फरक एवढाच की तेथे खूण नसलेली चले पत्ता-अवकाशाच्या सर्वांत वरच्या ६४ केबीमध्ये आहेत, असे धरले जाते.

या खुणा जीसीसीने सी भाषेपुरत्या दिल्या, सी++ साठी नाहीत. अर्डुइनोचे प्रोग्रॅम सी++ म्हणून कंपाइल होत असल्याने मेगा फलक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचा थेट उपयोग होत नाही. त्याला एव्हीआर-लिबसी या ग्रंथालयातील 'फार' नावाची वाचन-फंक्शने वापरावी लागतात. म्हणजे हाताने पत्ता देण्याची जुनी रीतच थोड्या नेटक्या रूपात परत येते.

कंपायलरमध्ये काय बदलावे लागते

कंपायलरचा पुढचा भाग सी भाषा वाचतो, मधला भाग प्रोग्रॅम सुधारतो आणि मागचा भाग, ज्याला बॅकएंड म्हणतात, विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञा निर्माण करतो. विस्तारित पत्तांकनाचे बहुतेक काम बॅकएंडमध्ये असते. पण अडचण तेथे सुरू होत नाही. पॉइंटर आणि पूर्णांक यांची रुंदी एकच असते, असे गृहीत मधल्या भागात खोलवर रुजलेले असते. एव्हीआर किंवा सीआर१६ सारख्या यंत्रावर मूळ पूर्णांक सोळा बिटांचा आणि पॉइंटर चोवीस किंवा बत्तीस बिटांचा झाला की ॲरेचा निर्देशांक कोणत्या रुंदीत मोजायचा, दोन पॉइंटरांची वजाबाकी कोणत्या प्रकारात ठेवायची, स्मृतीच्या आकाराचा प्रकार किती रुंद असावा, हे सारे नव्याने ठरवावे लागते. निर्देशांक सोळा बिटांतच मोजला गेला, तर पॉइंटर कितीही रुंद केला तरी लोणारच्या उदाहरणातील चूक तशीच राहते.

चोवीस किंवा वीस बिट या विचित्र रुंदी आहेत. सी भाषेत त्यांना नेमका जुळणारा प्रकार नाही. जीसीसीत यासाठी अंशतः वापरल्या जाणाऱ्या पूर्णांकांची अंतर्गत सोय आहे. एमएसपी४३०एक्सच्या मोठ्या प्रतिमानात पॉइंटर वीस बिटांचा असूनही स्मृतीत तो चार बाइट व्यापतो. त्या प्रोसेसरचा एक गुण येथे घातक ठरू शकतो: सोळा बिटांची आज्ञा रजिस्टरात लिहिते, तेव्हा वरची चार बिटे आपोआप शून्य होतात. कंपायलरने पत्ता धरलेल्या रजिस्टरावर चुकून अशी एक आज्ञा वापरली, तर पत्त्याचा माथा कापला जातो आणि प्रोग्रॅम पहिल्या ६४ केबीमध्ये भलतीकडेच वाचू लागतो. त्यामुळे कोणती आज्ञा पत्त्यासाठी आणि कोणती साध्या संख्येसाठी, हा भेद बॅकएंडच्या वर्णनात काटेकोरपणे लिहावा लागतो.

आठ बिटांच्या यंत्रावर चोवीस बिटांच्या पॉइंटरमध्ये एक मिळवणे म्हणजे हातच्यासह तीन बेरजा. नोंदी ओळीने वाचणाऱ्या लूपमध्ये हा खर्च प्रत्येक फेरीला पडतो. अनेक कंपायलर येथे तडजोड करतात: एकही वस्तू ६४ केबीची सीमा ओलांडत नाही, असे मानून बेरीज फक्त खालच्या सोळा बिटांत करतात. जुन्या डॉस कंपायलरांत 'फार' आणि 'ह्यूज' पॉइंटरांतील फरक हाच होता. अशी तडजोड योग्य आहे की नाही, हे वापरावर अवलंबून आहे. मात्र ती दस्तऐवजात ठळकपणे लिहिलेली असणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात ती पुष्कळदा तळटीपेत दडलेली असते.

व्यत्यय, अर्थात इंटरप्ट, हा दुसरा नाजूक भाग. मुख्य प्रोग्रॅमने पृष्ठ-रजिस्टर भरले आणि वाचन होण्यापूर्वीच व्यत्यय आला, तर व्यत्यय हाताळणाऱ्या फंक्शनने ते रजिस्टर बदलले असल्यास जुने मूल्य परत ठेवणे भाग आहे. हे कंपायलरने स्वतःहून केले नाही, तर चूक महिन्यातून एखाद्या वेळी आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी प्रकट होते. तिचा माग काढणे फार कठीण असते.

लिंकरचा वाटा

कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे पाहतो. कोणते चल अखेरीस कोणत्या पत्त्यावर बसेल, हे फक्त लिंकरला कळते. त्यामुळे लहान पत्ता पुरेल, या भरवशावर कंपायलरने लहान आज्ञा लिहिली आणि लिंकरने ते चल दूर ठेवले, तर पत्ता त्या आज्ञेत मावत नाही. चांगला लिंकर अशा वेळी 'रिलोकेशन ट्रंकेटेड टू फिट' अशी त्रुटी देऊन थांबतो. ही त्रुटी पाहून विद्यार्थी गोंधळतात. वास्तविक तीच त्यांना वाचवत असते. नव्या पत्तांकनासाठी लिंकरमध्ये नवे पुनर्स्थापन-प्रकार जोडताना मर्यादेची ही तपासणी विसरली, तर चूक थेट यंत्रात जाते.

एव्हीआरमध्ये लिंकरने एक चतुर काम अंगावर घेतले आहे. तेथे फंक्शनचा पॉइंटर सोळा बिटांचाच ठेवला आहे, कारण तो मोठा केला असता तर अस्तित्वात असलेले असंख्य प्रोग्रॅम बिघडले असते. फंक्शन १२८ केबीपलीकडे असेल, तर लिंकर खालच्या १२८ केबीमध्ये एक छोटी उडी तयार करतो आणि पॉइंटरमध्ये त्या उडीचा पत्ता देतो. ईआयएनडी रजिस्टर शून्य आहे आणि शून्यच राहील, असे कंपायलर गृहीत धरतो. सामान्य प्रोग्रॅमला हे कळतही नाही. परंतु फ्लॅशच्या शेवटच्या टोकाला राहणारा बूटलोडर लिहिणाऱ्याला हे गृहीत माहीत असावेच लागते; ईआयएनडीचे मूल्य आणि त्या उड्यांची जागा यांचा मेळ त्याने स्वतः घालायचा असतो.

ग्रंथालयाचाही प्रश्न उरतोच. स्मृती-नक्कल किंवा अक्षरमाला-तुलना करणारी प्रमाणित फंक्शने साधे पॉइंटर घेतात. दूरच्या पॉइंटरसाठी त्यांच्या वेगळ्या प्रती लागतात. प्रतिमाने असतील, तर संपूर्ण ग्रंथालय प्रत्येक प्रतिमानासाठी स्वतंत्रपणे कंपाइल करून ठेवावे लागते.

पुण्यातील काम: केपीआयटी आणि सीआर१६

जीसीसीच्या वाटचालीत महाराष्ट्राचा सहभाग दोन निराळ्या प्रकारांनी आला. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत उदय खेडकर यांच्या पुढाकाराने जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले आणि जीसीसीची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या कार्यशाळा तेथे झाल्या. बॅकएंडचे वर्णन कसे लिहावे, हा त्या अध्यापनाचा एक भाग होता. पुण्यात हेच काम उद्योगाच्या अंगाने झाले.

१९९० मध्ये पुण्यात स्थापन झालेली केपीआयटी ही कंपनी पुढे काही वर्षे केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टम्स या नावाने ओळखली जात होती. आजचे नाव केपीआयटी टेक्नॉलॉजीज. हिताची आणि मित्सुबिशी यांच्या अर्धवाहक विभागांतून २००३ मध्ये निघालेल्या रेनेसासच्या प्रोसेसरांसाठी जीसीसी आणि त्याची साथीची साधने तयार स्वरूपात विनामूल्य देण्याचे काम या कंपनीने दीर्घकाळ केले. एसएच, एच८, एम१६सी या कुटुंबांचा त्यात समावेश होता. वर पाहिलेले नॉर्मल-ॲडव्हान्स्ड अवस्थांचे किंवा 'फार' खुणेचे प्रश्न वापरकर्त्यांना येत ते याच साधनांत.

नॅशनल सेमीकंडक्टर या अमेरिकी कंपनीचा सीआर१६ हा सोळा बिटांचा प्रोसेसर होता. त्याची बारा सामान्य रजिस्टरे सोळा बिटांची, पण शेवटची चार बत्तीस बिटांची. सीआर१६सी या जातीत पत्ते चोवीस बिटांपर्यंत, म्हणजे १६ एमबीपर्यंत जात. अशा मिश्र रचनेत मोठा पत्ता धरायला एकतर शेवटच्या चारांपैकी एखादे रजिस्टर हवे किंवा शेजारच्या दोन सोळा-बिटी रजिस्टरांची जोडी. या प्रोसेसरचा बॅकएंड केपीआयटी कमिन्सच्या अभियंत्यांनी लिहिला आणि २०१२ मध्ये तो मूळ जीसीसीत समाविष्ट झाला. तोपर्यंत नॅशनल सेमीकंडक्टर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०११ मध्येच विकत घेतली होती.

या बॅकएंडमध्ये विस्तारित पत्तांकन प्रतिमानाच्या मार्गाने सोडवले होते. विदेसाठी 'निअर', 'मीडियम' आणि 'फार' असे तीन पर्याय होते आणि काहीच न सांगितल्यास मीडियम धरले जाई. सीआर१६सी ही जात निवडली असता फार हा पर्याय कंपायलर नाकारत असे, कारण त्या जातीच्या रचनेत ती सोयच नाही. तो सीआर१६सीप्लस या जातीसाठी होता. प्रोसेसरला न जमणारे पत्तांकन मागितले तर निमूटपणे काहीतरी निर्माण न करता सुरुवातीलाच नकार देणे, हा लहान दिसणारा निर्णय महत्त्वाचा आहे. पूर्णांक सोळाऐवजी बत्तीस बिटांचा करण्याचा पर्यायही त्यात होता.

जीसीसीत एखादा बॅकएंड दाखल होणे म्हणजे तो कायमचा राहणे नव्हे. मधल्या भागात दरवर्षी बदल होतात आणि प्रत्येक बॅकएंडला त्यांच्याबरोबर चालावे लागते. चाचण्या चालवणारा, निकाल कळवणारा कोणीतरी असावा लागतो. सीआर१६चा आधार पुढे कालबाह्य ठरवण्यात आला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीसीसीच्या १३व्या आवृत्तीतून तो काढून टाकला गेला. जुना कोड आवृत्ती-इतिहासात आणि आधीच्या आवृत्त्यांत सर्वांना उपलब्ध आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव येथे १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हा विषय समजून घेण्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. जीसीसी आणि एसडीसीसी दोन्ही मुक्त आहेत आणि सामान्य संगणकावर चालतात. चिप हाती नसली तरी निर्माण झालेला असेंब्ली कोड वाचता येतो. एकच तक्ता एकदा साध्या पॉइंटरने, एकदा फ्लॅश खुणेने आणि एकदा मेमएक्स खुणेने वाचणारे तीन छोटे सी प्रोग्रॅम एव्हीआरसाठी कंपाइल केले आणि त्यांतील आज्ञा मोजल्या, तर प्रत्येक वाढीव बिटाची किंमत डोळ्यांसमोर येते. एसडीसीसीमध्ये ८०५१ साठी सर्वसाधारण पॉइंटर तीन बाइटांचा असतो, कारण तिसरा बाइट तो कोणत्या प्रदेशात आहे, हे सांगतो. त्याच्याशी मेमएक्सची तुलना करण्यासारखी आहे.